हॉर्नचा दिवा

आमच्या घरात लग्नकार्य निघालं, चार पाहुणे जमले, की जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणतंच, "काका, ती हॉर्नची गोष्ट होऊ द्या." मग मी भिंतीला पाठ टेकतो, सुपारीचं खांड तोंडात टाकतो आणि सुरू करतो. गोष्ट जिंतूरच्या रस्त्यापर्यंत येते, सगळे हसून हसून बेजार होतात आणि मी तिथंच थांबतो. लोकांना वाटतं, गोष्ट संपली. इतक्या वर्षांत कुणी "पुढं काय झालं?" असं विचारलेलं नाही. गोष्ट सांगणाऱ्याला यापेक्षा सोयीचे श्रोते कुठं मिळतील?

पुढचं लिहून काढतो. तोंडानं सांगायचं धाडस अजून होत नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली असतील. परभणीत स्टेशनच्या रस्त्याला माझं पत्र्याचं दुकान होतं. मोटारींच्या वायरिंगचं काम करायचो. बॅटरी, डायनामो, सेल्फ, दिवे, हॉर्न. पाटीवर मी स्वतःच्या हातानं वीज रंगवली होती. तिला सगळे हळकुंड म्हणायचे. एक बाई तर खरंच हळद मागायला आली होती. पण कामाचा मला भलता गर्व. आमच्या भागात मोटारीतला करंट शोधावा तर मीच, अशी माझी पक्की समजूत होती, आणि ही समजूत असलेला मी एकटाच होतो.

आबा, म्हणजे माझे वडील, एका सरकारी कचेरीची जीप चालवायचे. खाकी कपडे, खिशाला पेन, पायांत पॉलिश केलेले बूट. रिटायर व्हायला तीनेक वर्षं उरली होती. कचेरीच्या मागं पत्र्याच्या एका लायनीत ड्रायव्हर-शिपायांची घरं होती, त्यांतल्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. आबांच्या हातात जीपची चावी होती म्हणून डोक्यावर तो पत्रा होता. चावी गेली की पत्रा गेला. हे घरात कुणी कधी बोलून दाखवायचं नाही, पण आई रोज सकाळी खुंटीवरची चावी जागेवर आहे का ते बघूनच चूल पेटवायची.

एक दिवस आबा जीप घेऊन दुकानावर आले.

"ह्याचा हॉर्न बग बरं. कवा वाजतो, कवा वाजत न्हाई."

मी बटण दाबलं. वाजला.

"आता वाजला," माझ्या तोंडाकडं बघून आबा म्हणाले. "रस्त्यावर दगा देतोय."

असा कधी असणारा, कधी नसणारा दोष म्हणजे आमच्या धंद्यातलं दुखणं. तार तुटलेली असली तर सापडते. अधूनमधून रुसणारी तार माणसाला वेड लावते. जीपच्या हॉर्नची रचना तशी सोपी. बॅटरीतला करंट हॉर्नपाशी येऊन थांबलेला असतो. हॉर्नची दुसरी तार स्टिअरिंगच्या नळीतून वर बटणापर्यंत जाते. बटण दाबलं की ती तार गाडीच्या अंगाला टेकते, करंटची वाट पुरी होते आणि हॉर्न बोंबलतो. म्हणजे बघायच्या जागा तीनच. बटण, तार, हॉर्न.

मी बटण खोललं. आतल्या पितळी चकतीवर काळा थर होता, तो काचपेपरनं घासला. स्प्रिंग मेली होती. नवी मिळेना, तर आबांच्या खिशातलं पेन घेतलं, त्याची स्प्रिंग काढून बसवली आणि पेन परत खिशाला लावून दिलं. आबा तीन दिवस कचेरीत त्या पेननं सही करायची खटपट करत होते.

आठवड्यानं परत आले. "वाजंनाय."

टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन तारा लावलेला साधा बल्ब, घेऊन मी सगळी वाट तपासली. सगळीकडं दिवा लागला. तरी नळीतली तार बदलली. परत आले. हॉर्न काढून त्याचा स्क्रू पिळला, आवाज इतका वाढवला की शेजारच्या सलूनवाल्यानं एका गिऱ्हाइकाच्या गालावर रेघ ओढली. परत आले.

"तुला येतं का न्हाई रे हे काम? का नुसतीच पाटी लावलीस?"

हे मला लागलं. "चला," म्हणालो, "मी शेजारी बसतो. रस्त्यावर दगा देतोय ना, रस्त्यावरच पकडतो त्याला."

आम्ही जिंतूरच्या रस्त्याला लागलो. मी टेस्ट लॅम्पची एक तार करंटला, दुसरी बटणाला लावून बल्ब मांडीवर धरून बसलो होतो, डॉक्टर नाडी धरून बसतो तसा. पुढं शेळ्यांचा कळप आला. आबांनी बटण दाबलं. बल्ब लागला. हॉर्न असा वाजला की शेळ्या उधळल्या, शेळ्या राखणारी म्हातारी रस्त्याच्या कडेला जाऊन बसली आणि तिनं आमच्या सात पिढ्या काढल्या.

आबा माझ्याकडं वळून म्हणाले, "बग! न्हाई वाजला!"

इथं पाहुणे हसतात.

मीही हसलो होतो. मग आबांच्या तोंडाकडं पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते. मी बटणाकडं बोट करून म्हणालो, "आबा, परत दाबा." त्यांनी दाबलं, माझ्या कानठळ्या बसल्या, आणि ते माझ्याकडं बघत राहिले, आता तरी पटलं का अशा नजरेनं. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, त्यांनी जीप हळूहळू कडेला घेतली, बंद केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले.

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "वाजायलाय व्हय?"

मी मान हलवली.

"तरीच," आबा म्हणाले. "तुजी आई लय दिसांपासून ताटावर उलथनं वाजवून बोलवायलीय मला. म्या म्हनलं, बाईला आता कशाचा राग आलाय."

आईला वर्षापूर्वीच कळलं होतं. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ताटाला मात्र पोचे पडले होते.

"कुणाला बोलू नको," आबा म्हणाले. "तीन सालं काढायचीत फकस्त." मग इतका वेळ मी मांडीवर धरलेल्या बल्बकडं त्यांनी बोट केलं. "ह्यो लागला की हॉर्न वाजतो ना? मग ह्योच बशीव की मला समोर."

ती युक्ती आबांची, पण ऐकताच मला ती माझीच वाटली. दुसऱ्या दिवशी जीपच्या डॅशबोर्डला मी भोक पाडलं, त्यात मीटरचा बारीक बल्ब बसवला, वर लाल काच. बटण दाबलं की हॉर्न वाजणार आणि सोबत लाल दिवा लागणार. ज्याला ऐकू येत नाही त्याला दिसेल. आबांनी दहा-बारा वेळा दाबून बघितलं आणि बारक्या पोरासारखे खूश झाले. मी इतका फुगलो की पाटीवरची वीज परत रंगवायला काढली.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. त्या दिव्याची एक तार मी डॅशबोर्डच्या मागंच करंटला जोडली होती आणि दुसरी बटणाच्या तारेला. ती जागा हाताशी होती, काम सोपं होतं. पण त्यामुळं दिवा बटणाची साक्ष देत होता, हॉर्नची नव्हे. उद्या पुढं जाळीमागं हॉर्नच मेला, त्याची तार निघाली, तरी बटण दाबलं की इथं दिवा लागणारच. हे मला ठाऊक होतं. मी मनात म्हणालो, नवी तार टाकलीय, हॉर्न घट्ट बसवलाय, कशाला निघतेय?

वर्षभर निघाली नाही. आबा पूर्वीपेक्षा जास्तच हॉर्न मारायला लागले. प्रत्येक वळणाला तीनदा. साहेब म्हणाले, "ड्रायव्हर, तुमच्या हॉर्ननं माझी झोप होत नाही." आबांनी अदबीनं मान हलवली. ऐकू आलं नव्हतंच.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची, गाड्यांची पूजा असते. कचेरीच्या शिपायानं जीप धुतली, हळदीकुंकू लावलं आणि झेंडूचं जाड तोरण पुढच्या जाळीला बांधलं. पडू नये म्हणून दोरा जाळीच्या आतून दोन-तीन वेढे देऊन घेतला. आतल्या अंगाला हॉर्न होता. वेढे त्याच्या तारेलाही बसले. शिपायाला ते दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी देवाच्या कामात तारेचा विचार कोण करतो? चार-पाच दिवसांनी झेंडू वाळून काळा पडला. साहेब येलदरीला धरणाच्या डाकबंगल्यावर मुक्कामाला होते, त्यांना आणायला आबा सकाळी एकटेच निघाले होते. टापटिपीचा माणूस. जाळीला वाळलेलं तोरण लोंबत असलेलं त्यांना बघवेना. त्यांनी ते हिसकून काढलं, फेकून दिलं, जीपमध्ये बसले, बटण दाबलं. लाल दिवा लागला. निघाले.

जिंतूरच्या अलीकडं एक शिंपी सायकलवरून चालला होता. कॅरिअरला दिवाळीच्या कपड्यांचं गाठोडं. आबांनी लांबून तीनदा हॉर्न मारला. तीनदा दिवा लागला. शिंप्याला ऐकू गेलंय, आता तो कडेला सरेल, या भरवशावर आबा आले. शिंपी खड्डा चुकवायला मध्ये आला.

जीव वाचला. उजवा पाय मांडीत मोडला. आबांनीच त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. रस्त्यावर पोरांचे नवे सदरे आणि झंपर पसरले होते, ते गावकऱ्यांनी गोळा केले.

मला ही खबर दुकानात कळली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार कोणता आला? शिंपी बहिरा असेल. खरंच हे आलं मनात. आणि बरं वाटलं.

पंचनामा झाला, जीप कचेरीच्या आवारात आणून लावली. शिंप्यानं जबाब दिला होता की हॉर्न वाजलाच नाही. आबांनी दिला होता की तीनदा मारला. साहेबांनी मला बोलावणं धाडलं. या जीपचं काम मीच करायचो ना. "हॉर्न तपासा," ते म्हणाले, "आणि काय ते लेखी द्या. बटण, स्विच, सगळं बघा."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी सरकारी माणूस माझं मत लेखी मागत होता. मी बॉनेट उघडलं. हॉर्नची तार निखळून लोंबत होती. तिच्या टोकाला दोऱ्याचा एक वेढा, आणि दोऱ्यात झेंडूच्या दोन सुकलेल्या पाकळ्या.

दोष शोधायला मला कधी महिना लागायचा. हा एका नजरेत सापडला. बॉनेटच्या आडून मी आबांकडं पाहिलं. खाकी कपडे, पॉलिश केलेले बूट, ताठ उभे. त्यांना खात्री होती की हॉर्न वाजला होता.

मी दोरा सोडवला आणि खिशात घातला.

"बटण ठीक आहे साहेब. तार धडकेत निखळली."

"म्हणजे धडक बसेपर्यंत हॉर्न वाजत होता?"

"होय साहेब."

"आणि हा लाल दिवा कसला?"

"हॉर्न वाजला की लागतो. मीच बसवलाय. ड्रायव्हरला कळावं म्हणून."

"अरे वा," साहेब म्हणाले. "मग तो शिंपी का म्हणतो, वाजला नाही?"

"त्याला ऐकू आलं नसेल, साहेब."

हे वाक्य मी बोललो. आबांचं दुखणं उचलून मी दवाखान्यात पडलेल्या माणसाच्या कानात घातलं, वर सहीही केली. सही आबांच्याच पेननं केली, आणि ते नेमकं याच वेळी चाललं.

संध्याकाळी आई धुणं भिजवत होती. तिनं माझी पँट झटकली आणि खिशातून दोरा पडला. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी तो उचलला, पाकळी बोटानं चुरून बघितली.

"ह्यो दोरा कुठला?"

मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "आत चला, सांगतो."

"काय?"

"आत चला म्हणतो."

"अरे मोठ्यानं बोल की! काय चोरी केलीस का?"

पत्र्याच्या लायनीत एका घरातली शिंक चौथ्या घरात ऐकू जाते. मी हातानं खुणा केल्या, तार, जाळी, हॉर्न असं काहीबाही. माझ्या खुणा बघून आई घाबरली. आबांच्या मात्र काही ध्यानात येईना आणि ते चिडत चालले. "पाय मोडलाय मान्साचा! धड सांग, कामून दडवायलास?"

मग मी ओरडलो. "तार दोऱ्यासंगं निघाली होती, आबा! हॉर्न वाजलाच न्हाई!"

शेजारी शिपायाच्या घरात खलबत्त्यात काहीतरी कुटणं चाललं होतं. ते थांबलं. पलीकडच्या घरातला रेडिओ कुणीतरी बारीक केला. आईनं उठून आम्हा दोघांना आत घेतलं आणि दार लावलं.

आबा दोऱ्याकडं बघत बसले. मग म्हणाले, त्यांना वाटलं हळू म्हणाले, पण साऱ्या लायनीला गेलं, "आन् दिवा? दिवा तर लागला की."

"तार नसली तरी तो लागतो."

हे दोनदा सांगावं लागलं.

"तुला मालूम होतं?"

एवढा एकच प्रश्न त्यांनी मला विचारला. मी मान हलवली. त्यांनी तो दोरा गुंडाळून स्वतःच्या खिशात घातला. त्या दिवशी आईनं जेवायला ताट वाजवलं नाही. नुसतीच त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

सकाळी मी उठलो तेव्हा खुंटीवर चावी नव्हती. कचेरीत काय झालं ते मला शिपायानं सांगितलं, आणि सांगताना तो हसत होता. आबांनी चावी आणि दोरा साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, मला ऐकू येत न्हाई. लय दिस झाले. हॉर्न वाजला न्हाई, शिंपी खरं बोलायलाय. पोरानं लिवून दिलंय ते फाडून टाका." साहेब खुर्चीतून उठून ओरडायला लागले. बराच वेळ ओरडले. ते थांबल्यावर आबा अदबीनं म्हणाले, "काय म्हनलात साहेब?"

शिपायाला हे फार विनोदी वाटलं. मलाही दुसऱ्या कुणाच्या बापाचं असतं तर वाटलं असतं.

दिवाळी आम्ही त्या घरात केली नाही. भाड्याची एक खोली घेतली. माझ्याकडं कचेरीच्या गाड्या यायच्या बंद झाल्या, ते साहजिकच होतं. आबांना घेऊन मी एकदा दवाखान्यात गेलो. शिंपी खाटेवर पाय वर टांगून पडला होता. आमच्याएवढाच गरीब माणूस. त्याची बायको पायथ्याशी बसली होती. आबांनी केळी ठेवली आणि हात जोडले. शिंपी काहीतरी बोलला. आबा माझ्याकडं बघायला लागले.

"काय म्हनायलेत?"

शिंप्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला होता, "मला वाटलं, मागून कुणी आलं तर वाजवील की." मला हे आबांना सांगायचं होतं आणि वॉर्डात वीस खाटा होत्या. मी सांगितलं. ओरडूनच. वीसच्या वीस माना आमच्याकडं वळल्या.

त्याचा पाय नीट जुळला नाही. पुढं मी ऐकलं की कपडा मशीनवर तो धरतो आणि खाली बसून मशीनचा पायटा बायको हातानं हलवते.

आबा मग माझ्या दुकानावर येऊन बसायचे. कामाला हात लावायचे नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्यापुढं सोडली. आत ती लाल काच आणि तो बारीक बल्ब. चावी देण्याआधी त्यांनी जीपमधून स्वतःच्या हातानं काढून आणला होता.

"काम चांगलं केलतंस," ते म्हणाले. "एकदाबी चुकला न्हाई दिवा."

ते टोमणा मारत होते का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायचं तर ओरडून विचारावं लागलं असतं.

महिन्या-दोन महिन्यांनी ती जीप दुकानासमोर उभी राहिली. नवा ड्रायव्हर होता, आबांना न ओळखणारा, बदलून आलेला. म्हणाला, "उस्ताद, हे डॅशबोर्डाला कुणी भोक पाडलंय बघा. धूळ येते. बुजवून द्या." मी रबराचा एक तुकडा कापला आणि घट्ट ठोकून बसवला. तो आत बसला, स्टिअरिंगवर हात टाकला आणि जाता जाता त्यानं हॉर्न दाबला. मीच पिळून वाढवलेला आवाज. सलूनवाला दचकून बाहेर आला, रस्त्यावरची माणसं बाजूला झाली.

आबा स्टुलावर बसले होते, रस्त्याकडं पाठ करून, बॅटरीच्या रिकाम्या डब्यावरची धूळ बोटानं पुसत. त्यांनी वळून पाहिलं नाही.